टॅक्स क्रेडिटची घरं: जमिनीवर सही करण्याआधी

म्हाडाची सोडत पाहत वाढलेल्या माणसाला अमेरिकेतली परवडणारी घरं सुरुवातीला उलटीच वाटतात. इथे सरकार सहसा बांधत नाही आणि विकतही नाही. घरं भाड्याची, बांधणारा खासगी किंवा ना-नफा डेव्हलपर, आणि सरकारचा मुख्य हात म्हणजे आयकरातली सवलत: 1986 च्या कर कायद्यातलं कलम 42. क्रेडिट 10 वर्षं, अटी पाळण्याची टांगती तलवार 15 वर्षं, भाड्याचं बंधन किमान 30. भारतात सीए, सिव्हिल किंवा आर्किटेक्चर करून इथे मास्टर्सला आलेले बरेच जण या क्षेत्रात अ‍ॅनॅलिस्ट म्हणून शिरतात, आणि एवढं वर्गात शिकवलेलं असतं. पुढचं शिकवत नाहीत.

आधी आकडे. समजा 60 घरांचा प्रकल्प, एकूण खर्च 2 कोटी डॉलर. त्यातून जमिनीचे 20 लाख वजा, राखीव निधी आणि कायमच्या कर्जाची फी वगैरे आणखी 20 लाख वजा. उरला 1 कोटी 60 लाखांचा एलिजिबल बेसिस, म्हणजे ज्यावर क्रेडिट मोजतात तो खर्च. जागा गरीब वस्तीच्या अधिकृत यादीत असेल तर तो 130 टक्के धरता येतो, म्हणजे 2 कोटी 8 लाख. क्रेडिट दोन प्रकारचं, 4 आणि 9 टक्क्यांचं. 4 टक्क्यांनी वर्षाला 8 लाख 32 हजार, दहा वर्षांत 83 लाख 20 हजार. हे क्रेडिट घेणाऱ्या गुंतवणूकदार बँकेने त्याच्या डॉलरमागे 85 सेंट दिले तर हातात साधारण 71 लाखांची इक्विटी, म्हणजे भांडवल. 9 टक्क्यांचं क्रेडिट मिळालं तर तीच रक्कम दीड कोटीच्या वर जाते. म्हणून 9 साठी मारामारी असते आणि 4 ला करमुक्त बाँडची जोड लागते. 2026 पासून, काही अटींवर, जमीन आणि इमारतीच्या बेसिसपैकी 25 टक्के बाँडमधून आले तरी चालतं. आधी 50 लागायचे. नेटवरून उतरवलेल्या एक्सेल मॉडेलमध्ये अजून 50 च बसलेलं सापडेल. उसनं मॉडेल वापरू नका, एवढंच सांगतो. तीन आठवडे घालवा, पण पहिलं मॉडेल कोऱ्या शीटवर स्वतः बांधा.

भाड्यातून फेडायचं कर्ज बसवताना नवखे युटिलिटी अलाउन्स, म्हणजे वीज-गॅसची वजावट, विसरतात. नियमाने दोन बेडरूमचं घर तीन माणसांचं धरतात. तीन जणांचं मध्यम उत्पन्न 90,000 असेल तर 60 टक्के म्हणजे 54,000, त्याचे 30 टक्के, भागिले 12: महिना 1,350. ही भाड्याची कमाल मर्यादा, हातात येणारं भाडं नव्हे. वीज-गॅस भाडेकरू भरत असेल तर त्याचे 120 वजा करून 1,230 च येतात. घरामागे 120, साठ घरं, बारा महिने: वर्षाला 86,400 डॉलर हवेत विरतात, आणि त्यावर उभं केलेलं कर्जही.

तरीही खड्डा उरतोच. तो शहराच्या, काउंटीच्या, राज्याच्या सॉफ्ट लोनने भरायचा. व्याज कमी, हप्ता वर्षाअखेर काही उरलं तरच. केंद्राचं अनुदान थेट घेतलं तर तेवढा बेसिस कापला जातो, म्हणून ते ना-नफा संस्थेमार्फत कर्ज म्हणून आत आणतात. वकील हे करून देतात, घाबरू नका.

घाबरायचं ते पुढच्या गोष्टीला.

शहराकडून ‘होम’ किंवा ‘सीडीबीजी’ या केंद्राच्या योजनांचा पैसा येत असेल तर तो हडचा, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा. त्याच्याबरोबर पार्ट 58 नावाचे पर्यावरण नियम येतात. या पैशाचा अर्ज दिल्यापासून हडचं मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत पर्याय बंद करणारं काहीही करायचं नाही: जमीन खरेदी नाही, पाडकाम नाही, साइट साफ करणं नाही, ठेकेदाराशी करार नाही. आणि ही बंदी फक्त हडच्या पैशाला नाही. स्वतःच्या खिशातून, बँकेच्या कर्जातून, मेहुण्याकडून उसने आणून जमीन घेतली तरी उल्लंघनच. शिक्षा दंडाची नाही. त्या प्रकल्पाला तो पैसा मिळत नाही. हाउसिंग अथॉरिटीची प्रोजेक्ट-बेस्ड व्हाउचर, म्हणजे इमारतीशी जोडलेली भाड्याची मदत, घेतली तरी हेच लागू. ‘व्हाउचर तर भाड्याचं, बांधकामाशी काय संबंध?’ असं वाटतं, आणि तिथेच पाय घसरतो.

आता दुसरं घड्याळ. 9 टक्क्यांचं क्रेडिट मंजूर झालं आणि इमारत त्याच वर्षी पुरी होणार नसली, की कॅरिओव्हर घेतात, म्हणजे ते क्रेडिट पुढच्या काळासाठी राखून ठेवतात. त्या तारखेपासून 12 महिन्यांत अपेक्षित बेसिसच्या 10 टक्क्यांहून जास्त खर्च दाखवावा लागतो. या चाचणीत जमीन धरली जाते. वरच्या उदाहरणात 1 कोटी 80 लाखांचे 10 टक्के म्हणजे 18 लाख. 20 लाखांची जमीन घेतली की एका सहीत चाचणी पास. एक घड्याळ म्हणतं खर्च करा, दुसरं म्हणतं हात लावू नका. ऑफिसात दोन्ही तारखा वेगवेगळ्या माणसांकडे असतात, आणि क्रेडिट वाचवायला धावलेला माणूस कर्ज घालवून बसतो.

वाट आहे. रिकाम्या जमिनीसाठी ऑप्शन करार करा: ऑप्शनची रक्कम किमतीच्या मानाने नाममात्र, आणि पर्यावरण तपासणीचा निकाल पाहूनच खरेदी, असं कलम त्यात स्पष्ट. आर्किटेक्ट, माती परीक्षण, मूल्यांकन, बाजार अभ्यास यांवर खर्च चालतो आणि त्यातला बराचसा 10 टक्क्यांतही मोजला जातो. पण एवढ्याने 18 लाख भरत नाहीत, म्हणून तपासणी क्रेडिटच्या निकालाची वाट न पाहता सुरू करायची. तपासणीतलं शहराचं काम संपल्यावरही नोटिशीचे 15 दिवस आणि हरकतींचे 15 दिवस जातातच. पूरक्षेत्र असेल तर आधी आणखी नोटिसा. ‘आधी जमीन घेऊ, होमचा अर्ज नंतर टाकू’ असं सुचवणारा हुशार माणूस हमखास भेटतो. क्रेडिटच्या अर्जात पैसा कुठून येणार ते दाखवणाऱ्या सोर्सेसच्या तक्त्यात ‘होम’ आधीच लिहिलेलं असतं, हे त्याच्या लक्षात नसतं.

होमच्या पैशातली घरं किती धरायची तेही आधी ठरवा. 12 किंवा जास्त झाली की केंद्राच्या डेव्हिस-बेकन कायद्याचे मजुरी दर लागतात आणि बांधकामाचा आकडा वर सरकतो; म्हणून अनेक प्रकल्पांत ती 11 वरच थांबवलेली दिसतात. यात चोरी नाही.

राज्याचा क्वालिफाइड अ‍ॅलोकेशन प्लॅन, म्हणजे क्रेडिट कुणाला द्यायचं ते ठरवणारी गुणांची नियमावली, मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. सारांशावर काम करणारे गुण गमावतात.

गुरू निवडताना डील मिळवणाऱ्या झगमगीत माणसाच्या मागे लागू नका. तो पुढच्या डीलवर गेलेला असतो. अ‍ॅसेट मॅनेजमेंटमध्ये बसलेलं, पंधराव्या वर्षाला आलेल्या इमारती सांभाळणारं कुणीतरी गाठा. पहिले सहा महिने काहीच कळत नाही, ते सगळ्यांचंच होतं. त्यांच्याकडून एका जुन्या क्लोजिंगची, म्हणजे व्यवहाराच्या अंतिम सह्यांची, फाइल मागा आणि दोन कागद शेजारी ठेवा: हडचं मंजुरीपत्र आणि जमिनीचं खरेदीखत. तारखांचा क्रम बघा, मग मध्ये किती आठवडे गेले ते मोजा. आपल्या वेळापत्रकात तेवढे आठवडे धरलेत का, हे बहुतेकदा तेव्हाच कळतं.