जीपीए कसा काढायचा: ग्रेडइतकेच क्रेडिटही मोजा

निकाल हाती आला की जीपीए, म्हणजे ग्रेड पॉइंटची सरासरी, काढायला बहुतेक विद्यार्थी सगळ्या विषयांचे ग्रेड पॉइंट मिळवतात आणि विषयांच्या संख्येने भागतात. सगळ्या विषयांना सारखेच क्रेडिट, म्हणजे विषयाचं वजन सांगणारे अंक, असतील तरच हे उत्तर बरोबर येतं.

आधी गुणपत्रिकेतून प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड उतरवून घ्या. मग ग्रेडचे पॉइंट पाहा. ४ च्या श्रेणीत साधारणपणे ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १ आणि एफ शून्य. १० च्या श्रेणीतले पॉइंट संस्थेगणिक बदलतात, त्यामुळे गुणपत्रिकेच्या मागचा तक्ताच प्रमाण माना.

आता प्रत्येक विषयाचे पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणा. १० च्या श्रेणीतलं उदाहरण घेऊ:

गणित: ४ क्रेडिट × ९ = ३६
भौतिकशास्त्र: ४ × ७ = २८
भाषा: २ × १० = २०
प्रात्यक्षिक: २ × ८ = १६

बेरीज १००, क्रेडिट १२. १०० ÷ १२ = ८.३३, हा तुमचा सत्राचा जीपीए. साधी सरासरी ८.५ आली असती. भाषेतले १० डोळ्यांत भरतात, पण तिथे क्रेडिट दोनच. भौतिकशास्त्रातले ७ चार क्रेडिटचं वजन घेऊन सरासरी खाली ओढतात. म्हणूनच अभ्यासाचा वेळ वाटताना क्रेडिटचा रकाना समोर ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांचा मिळून जीपीए, काढताना हीच चूक पुन्हा होते. समजा दुसऱ्या सत्रात २४ क्रेडिट होते आणि जीपीए ९ आला, म्हणजे २१६ पॉइंट. दोन्ही सत्रं मिळून ३१६ ÷ ३६ = ८.७८. दोन जीपीए मिळवून दोनाने भागले, तर ८.६७ येतील आणि तुमचंच नुकसान होईल.

नापास विषयाला शून्य पॉइंट मिळतात, पण त्याचे क्रेडिट सहसा भाजकात राहतात. म्हणून तो इतका महागात पडतो. नुसता 'उत्तीर्ण' शेरा असलेला विषय बहुधा हिशेबात धरत नाहीत. दोन्ही बाबतींत आपल्या संस्थेचा नियम वाचा.

हाच हिशेब उलटा करून पुढचं लक्ष्यही काढता येतं. तिसऱ्या सत्रात २४ क्रेडिट आहेत आणि सीजीपीए ९ हवा आहे? एकूण ६० क्रेडिटना ५४० पॉइंट लागतील. ३१६ हातात आहेत, उरले २२४. त्यांना २४ ने भागा: ९.३३.