नवा कर्नल उठत नसेल, तर आधी जुन्यावर या

उबुंटू लिनक्सचं अपडेट झालं, त्यात नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा असलेला प्रोग्राम) आला, मशीन रीस्टार्ट केलं आणि काळ्या पडद्यावर ओळ आली: ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’. माझ्या लॅपटॉपवर हे झालं तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी काम द्यायचं होतं, आणि मी पेन ड्राइव्ह शोधून सगळं नव्याने इन्स्टॉल करायच्या बेतात होतो. कृपा करून तसं करू नका. तुमच्या फाइली सहसा जागच्या जागी असतात आणि जुना कर्नलही डिस्कवरच असतो.

मशीन बंद करून चालू करा आणि ग्रबचा (सुरुवातीला कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामचा) मेन्यू आणा. जुन्या बायॉसवर (मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरवर) शिफ्ट दाबून धरायचं, त्याचा नवा अवतार यूईएफआय असेल तर कंपनीचा लोगो दिसताच एस्केप. एस्केप एकदाच दाबा. जास्त वेळा दाबलं गेलं तर नुसता ग्रब प्रॉम्प्ट येतो; तिथे ‘रीबूट’ टाइप करून पुन्हा प्रयत्न करा. मेन्यूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि वरून दुसऱ्या क्रमांकाचा, रिकव्हरी नसलेला कर्नल निवडा. डेस्कटॉप आला की निम्मी लढाई जिंकलीत. आता आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या, मग दुरुस्तीला हात घाला.

वरची ओळ दिसली असेल, तर माझा पहिला संशय /बूट (कर्नलच्या फाइली असलेलं फोल्डर) भरल्याचा असतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली की /बूट वेगळं, छोटं पार्टिशन असतं. दर अपडेटला तिथे नवा कर्नल येतो, सोबत त्याची इनिट-रॅम-एफएस फाइल (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर हिच्यात असतात; /बूटमध्ये ती इनिट-आरडी-डॉट-आयएमजी या नावाने दिसते). जागा संपली की ही फाइल तयारच होत नाही, आणि ती नसली की कर्नलला रूट पार्टिशन (जिथे मुख्य सिस्टीम असते) सापडत नाही. टर्मिनलमध्ये ‘डीएफ -एच /बूट’ चालवा, म्हणजे किती जागा भरली ते कळतं. माझ्याकडे तिथे १००% दिसत होतं.

मग ‘यूनेम -आर’ने आत्ता कुठला कर्नल चालू आहे ते पाहून कागदावर लिहून ठेवा. त्याला अजिबात हात लावायचा नाही. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल निघाले तर उत्तम. माझ्याकडे ते अर्धवट इन्स्टॉलमुळे अडलं. तेव्हा सगळ्यात जुन्या कर्नलची इनिट-आरडी-डॉट-आयएमजी फाइल मी /बूटमधून होम फोल्डरमध्ये हलवली (हलवली, पुसली नाही) आणि ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवलं. अडकलेलं काम पुढे सरकलं, इनिट-रॅम-एफएस तयार झाली, ग्रबही अपडेट झाला. त्यानंतर ऑटोरिमूव्हही सुरळीत चाललं.

/बूटमध्ये जागा भरपूर असेल आणि पॅनिक न येता नुसताच काळा पडदा येत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा. एनव्हीडियाचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बनलंय का, हे ‘डीकेएमएस स्टेटस’ सांगतं. काहीच उलगडत नसेल तर ग्रबमध्ये त्या कर्नलवर ‘ई’ दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्द काढा आणि एफ१० दाबा. बूट होताना नेमकं कुठे अडतंय ते डोळ्यांसमोर दिसतं. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

जुना कर्नलही उठला नाही, तरच लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता उबुंटू चालवणारा पेन ड्राइव्ह) काढा.