पांढऱ्यावर पांढरं: लेयर मास्क शिकताना माझा हात कुठे घसरला

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सांगलीतल्या एका फोटो स्टुडिओत मी कामाला लागून जेमतेम चार महिने झाले होते. पाणी ओसरलं आणि दुकानात पिशव्या भरभरून भिजलेले फोटो यायला लागले. भिंतीवरच्या फ्रेमा, एकमेकांना चिकटलेली अल्बमची पानं, चिखलाची रेघ बरोबर गळ्यापाशी आलेले कुणाचे आजोबा. फोटोशॉप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधला लेयर मास्क मी त्या फोटोंवर शिकले. लग्नाच्या अल्बमवर शिकले असते तर चूक झाल्यावर दुसरा फोटो उचलता आला असता. इथे दुसरा फोटो नव्हता.

मास्क म्हणजे काय हे तुम्हाला ढोबळ माहीत असेलच. चित्राचे थर एकावर एक ठेवलेले असतात, त्यांना लेयर म्हणतात, आणि लेयरला जोडलेली काळी-पांढरी झाकणी म्हणजे मास्क. मास्क पांढरा तिथे लेयर दिसतो, काळा तिथे झाकला जातो, आणि मधल्या राखाडी छटा जितक्या गडद तितका तो पुसट होत जातो. आठ बिटच्या फाइलमध्ये अशा एकूण २५६ पायऱ्या असतात. हे पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. माझा घात झाला तो वेगळ्याच जागी, आणि ती जागा मी सविस्तर सांगणार आहे, कारण शिकवताना सगळे तिच्यावरून एका वाक्यात पुढे जातात.

गावभागातल्या एक काकू त्यांच्या वडिलांचा फोटो घेऊन आल्या होत्या. टोपी, पांढरा सदरा, खुर्चीत बसलेले. सदऱ्यावर छातीपाशी मोठा पिवळट डाग. मी स्कॅन केला, त्याची प्रत वरच्या लेयरवर घेतली, ती उजळली आणि तिला मास्क लावला. चेहऱ्यावर काळ्या ब्रशने फिरून खालचा मूळ चेहरा परत आणला, कारण उजळलेल्या प्रतीत सुरकुत्या उडत होत्या. इथवर सगळं बरोबर होतं. मग कॉलरवरचा एक ठिपका हीलिंग ब्रशने, म्हणजे आजूबाजूच्या भागावरून डाग बुजवणाऱ्या ब्रशने, काढावा म्हणून मी लेयरच्या चित्रावर, म्हणजे लेयरच्या यादीतल्या डावीकडच्या छोट्या चित्रावर (थंबनेलवर), क्लिक केलं. ठिपका गेला. परत साधा ब्रश घेतला, रंग पांढरा केला आणि सदऱ्यावर चुकून अर्धवट झाकलं गेलेलं भरून काढायला लागले. मास्कच्या थंबनेलवर परत क्लिक करायचं राहून गेलं होतं.

काळा रंग गालावर पडला असता तर मी जागच्या जागी ओरडले असते. पण हा पांढरा रंग होता, पांढऱ्या सदऱ्यावर. पिवळा डाग नाहीसा होत होता. मला वाटलं, मास्क उघडतोय आणि वरच्या प्रतीतलं उजळ कापड बाहेर येतंय. प्रत्यक्षात मी वडिलांच्या अंगावर चुना फासत होते. झूम तीनशे टक्के, डोळ्यांसमोर फक्त डाग, आणि डाग जातोय याचा आनंद. दीड तास हे चाललं. मग लेयर एकत्र केले, स्कॅनच्याच नावाने जेपेग सेव्ह केली आणि फाइल बंद केली.

लॅबमधून १२ बाय १८ चा प्रिंट आला. सदरा कागद कापून चिकटवल्यासारखा सपाट, एकही चुणी नाही. काकूंनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अण्णांच्या खिशाला पेन होतं की गं. ते कुठं गेलं?"

डागाखाली पुसट दिसणारं ते पेन मी पुसून टाकलं होतं. जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत, फाइल बंद केली की हिस्टरी, म्हणजे मागे जायची सोय, जाते, आणि मूळ स्कॅनवर मी स्वतःच सेव्ह केलं होतं. मूळ फोटो परत मागवला, तर तोवर सुकून त्याच्यावरचा थर पापुद्र्यासारखा सुटला होता.

तेव्हा आता नीट ऐका. ब्रश टेकवण्याआधी, प्रत्येक वेळी, आपण चित्रावर आहोत की मास्कवर हे बघायचं. फोटोशॉपमध्ये दोन थंबनेल शेजारी शेजारी असतात आणि जे निवडलेलं असतं त्याच्याभोवती बारीक चौकट दिसते. ती चौकट इतकी बारीक असते की दमलेल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फक्त तिच्या भरवशावर राहू नका. वर टॅबवर फाइलच्या नावापुढचा कंस वाचा. मास्कवर असाल तर तिथे 'लेयर मास्क' असं येतं, चित्रावर असाल तर 'आरजीबी'. आणि माझी स्वतःची सवय सांगते, जी मी आजही सोडलेली नाही: आधी भडक लाल रंग घेऊन एक टिपका द्यायचा. मास्क निवडलेला असेल तर लाल उमटूच शकत नाही, रंगाच्या चौकोनातच तो राखाडी होतो. फोटोवर लाल उमटला, तर तुम्ही चुकीच्या जागी आहात. कंट्रोल झेड करा आणि मास्कवर जा. दोन सेकंदांचं काम आहे.

याहून पक्का उपाय म्हणजे मास्क लावायच्या आधी लेयरवर राइट क्लिक करून त्याचा स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे मूळ चित्र आत बंदिस्त ठेवणारा लेयर, करणं. त्याच्या चित्रावर ब्रश चालतच नाही, सॉफ्टवेअर सरळ नकार देतं. मास्कवर मात्र चालतो. डाग काढायचे असतील तर वेगळा रिकामा लेयर घ्या, हीलिंग ब्रशच्या सॅम्पलमध्ये 'करंट अँड बिलो' निवडा आणि तिथे काढा. म्हणजे मास्क आणि चित्र यांच्यात सारख्या उड्या मारायची वेळच येत नाही. माझी चूक नेमकी त्या उडीत झाली.

घाबरून जाऊ नका मात्र. मास्कवर केलेली कुठलीही चूक भरून निघते. जास्त झाकलं, तर एक्स दाबून रंग पालटा आणि उघडा. सगळंच उलटं झालं, तर मास्कवर कंट्रोल आय. शिफ्ट दाबून मास्कवर क्लिक केलं की तो तात्पुरता बंद होतो आणि आधीचं-नंतरचं दिसतं. खोडरबराने पुसलेलं मात्र गेलं ते गेलं, म्हणून इरेझर टूल नवख्यांनी वर्षभर हातात धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

शॉर्टकटबद्दलही माझं मत कडक आहे. साठ शॉर्टकटची यादी पाठ करून काही होत नाही. रंग परत काळा-पांढरा करणारं डी, ते दोन पालटणारं एक्स, ब्रश लहान-मोठा करायचे चौकटी कंस, आणि ऑल्ट दाबून मास्कवर क्लिक. या शेवटच्यात मास्क स्वतः काळा-पांढरा समोर येतो, आणि तुम्हाला पूर्ण काळा वाटलेला भाग किती ठिकाणी गडद राखाडी राहिलाय ते उघडं पडतं. ब्रशची ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा दाटपणा, ऐंशी टक्क्यांवर राहिली की हे हमखास होतं, आणि प्रिंटमध्ये मागच्या माणसाची सावली उरते. 'सिलेक्ट सब्जेक्ट'सारखं एका क्लिकमध्ये माणूस कापून देणारं टूल मी रोज वापरते, पण त्याने केलेला मास्क ऑल्ट क्लिकने बघितल्याशिवाय पुढे जात नाही. केस, चष्म्याची काडी आणि पदराची झालर इथे ते चुकतं. कडा किती मऊ हवी हे फोटोच सांगतो: जुना, किंचित अस्पष्ट फोटो असेल तर टोकदार कडा कात्रीने कापल्यासारखी दिसते.

शिकवणाऱ्याबद्दल एकच सांगते. तुम्ही अडलात की जो तुमच्या हातातून माउस काढून घेतो आणि झटपट करून दाखवतो, त्याच्याकडे तुम्ही फक्त बघायला शिकाल. मला खरं शिकवलं ते लॅबमध्ये प्रिंट काढणाऱ्या एका दादांनी. त्यांनी तो फसलेला प्रिंट उजेडात धरायला लावला आणि विचारलं, यात कापड कुठे आहे ते दाखव. मला दाखवता येईना.

सरावाला महागडं काही लागत नाही. गिंप हे फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे. तिथे मास्क जोडताना पांढरा हवा की काळा हे आधीच विचारलं जातं. फोटोपी हे तसंच सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडतं. सुरुवात कर्व्हजच्या, म्हणजे उजेड-अंधार कमी-जास्त करणाऱ्या, अॅडजस्टमेंट लेयरने करा. त्याला मास्क आपोआप येतो आणि त्यात स्वतःचं चित्रच नसतं, त्यामुळे कुणाच्या तोंडाला रंग फासला जायची भीती नाही. संध्याकाळी घाटावरून पुलाचा फोटो काढा. आकाश पांढरं फटक आणि पुलाच्या कमानी काळ्या येतील. कर्व्हजने कमानी उजळा, मग मास्कवर वरून खाली काळा ते पांढरा ग्रेडियंट ओढा, म्हणजे आकाश होतं तसं राहील. दहा वेळा करा. पहिले सहा वाईट येतील, माझे आले होते.

आणि स्कॅन आधी टिफमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये, दोन जागी ठेवायचा, मगच काम सुरू करायचं. फोटो काचेला चिकटला असेल तर सोलू नका, काचेसकटच स्कॅन करा.

काकूंना पहिल्या दिवशी मी न सुधारलेला स्कॅन व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. तो त्यांच्या फोनमध्ये सापडला. लहान झालेला, दबलेला, पण खिशाला पेन होतं. त्यावर नव्याने मास्क केला, या वेळी लाल टिपका देऊन, आणि डाग फक्त पेनाच्या कडेपर्यंत उतरवला. पोस्टकार्डाएवढा प्रिंट बरा आला. मोठी फ्रेम होऊ शकली नाही. भिंतीवर जिथे मोठी होती, त्याच खिळ्याला त्यांनी तो छोटा लावला आहे.