बाळाचं हिमोग्लोबिन आणि लेहची सहल: आकडा कसा वाचायचा

गेल्या महिन्यात एकाच संध्याकाळी ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घराचं दार दोघांनी वाजवलं. आधी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, हातात नातीचा रिपोर्ट. नात सव्वादोन महिन्यांची, हिमोग्लोबिन १०.२, शेजारी ठळक अक्षरांत ‘कमी’. “सिस्टर, जन्मली तेव्हा साडेसतरा होतं हो. सूनबाईचं दूध पुरत नाही का?” पाठोपाठ समोरचे काका. लेहला निघालेत, नवं कोरं ऑक्सिमीटर बोटाला लावूनच आलेले. मी बावीस वर्षं नवजात बाळांच्या कक्षात काम करते, आणि लेहला जाऊन आजारीही पडले आहे. दोघांना एकत्रच बसवलं, कारण घाट एकच आहे: बाळ तो उतरतंय, काका चढणार आहेत.

पोटातलं बाळ उंच डोंगरावरच राहत असतं म्हणा. आपल्या धमन्यांत ऑक्सिजनचा दाब शंभर मिलिमीटरच्या (पाऱ्याच्या) आसपास, वारेकडून बाळाकडे जाणाऱ्या रक्तात जेमतेम तीस. तेवढ्यावर भागतं, कारण बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. आपल्या लाल पेशीत डीपीजी नावाचा पदार्थ हिमोग्लोबिनच्या मधोमध पाचरीसारखा बसतो आणि ऑक्सिजनवरची पकड सैल करतो. बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये ही पाचर नीट बसत नाही, म्हणून पकड घट्ट राहते. अर्धं हिमोग्लोबिन भरायला आईच्या रक्ताला साधारण २७ मिलिमीटर दाब लागतो, बाळाच्या रक्ताला २०. वारेत आईचं रक्त सोडतं, बाळाचं उचलतं. शिवाय लाल पेशीही भरपूर.

आता प्रसूतीच्या खोलीत काय बघायचं. बाळ रडत असेल, ठीक असेल, तर नाळ निदान एक मिनिट तरी कापू नका, हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. वारेतलं रक्त बाळाचंच आहे, ते त्याला मिळू द्या. ऑक्सिमीटर लावलंच तर उजव्या हाताला, कारण मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा अंदाज तिथेच येतो. पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ टक्के दिसलं तर घाबरू नका. पाचव्या मिनिटाला ८० ते ८५, दहाव्याला ८५ ते ९५, असा तो चढतो. तळहात-तळपाय पहिला दिवसभर निळसर दिसू शकतात. जीभ आणि ओठ निळे असतील तर मात्र त्या क्षणी हाक मारायची. मोठ्यांचं चिमट्याचं ऑक्सिमीटर बाळाच्या बोटाला घरी लावू नका, ते बसतही नाही आणि खरंही सांगत नाही.

मग आजींचा रिपोर्ट. मी बोट ठेवून दाखवलं: समोर छापलेली मर्यादा होती १२ ते १६, म्हणजे मोठ्या बाईची! सव्वादोन महिन्यांच्या जिवाला ती लावायची कशी? बाळ श्वास घेऊ लागलं की ऑक्सिजन मुबलक होतो. शरीर लाल पेशी बनवायचा निरोप, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, जवळजवळ थांबवतं. जुन्या पेशी आपल्या पेशींसारख्या १२० दिवस टिकत नाहीत, ६० ते ९० दिवसांत मोडतात. म्हणून आठ ते बारा आठवड्यांत साडेनऊ ते अकरापर्यंत उतरणं हे ठरलेलंच. त्यात आईच्या दुधाचा दोष नाही. हे मी त्यांना दोनदा सांगितलं, सूनबाईंसमोर. पेशींतलं लोह शरीर साठवून ठेवतं आणि पुढे वापरतं, तेव्हा मनाने टॉनिक सुरू करू नका.

नऊच्या खाली गेलं, पिताना बाळ दमतंय, पांढुरकं दिसतंय, वजन वाढत नाही, तर डॉक्टरांकडे जा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा हिशोब लावायचा नाही, त्याचं लवकर आणि जास्त उतरतं. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार) असेल तर बाळ ठणठणीत दिसलं तरी डॉक्टरांना सांगाच. पहिले काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिनच त्याला सांभाळत असतं, ते ओसरलं की दुखणं वर येतं.

आता काका. त्यांचा भरवसा ठाण्याजवळच्या येऊर डोंगराच्या रोजच्या चढावर. येऊरने पाय तयार होतात, रक्त नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर. हवेचा दाब समुद्रसपाटीजवळच्या आपल्या ठाण्याच्या तलावपाळीच्या साधारण दोन तृतीयांश. मुंबईहून विमानाने तुम्ही काही तासांत तिथे पोचता, पण लाल पेशी आपल्या गतीने जुळवून घेतात. डीपीजी वाढायला एक-दोन दिवस लागतात. मग त्याच पेशी अवयवांना ऑक्सिजन जास्त सोडू लागतात. एरिथ्रोपोएटिन काही तासांतच वाढतं, पण नव्या पेशींची खरी भर पडायला आठवडे जातात. पहिल्या दोन दिवसांत हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं तर ते रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे.

म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच काढा, हळू चाला. मी पहिल्याच दुपारी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढले, आणि सहलवाल्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला खार्दुंग ला खिंडीत नेलं. रात्रभर उलट्या. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नका. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम करून, नेलपॉलिश पुसून, आकडा स्थिर झाल्यावर वाचा. पहिल्या दिवशी माझा ८४ होता. पण आकड्यापेक्षा माणूस बघा: तोल जाणं, बसल्या जागी धाप, फेसाळ खोकला, असं काही दिसलं तर त्याच रात्री खाली उतरवा.

काकांनी विचारलं, “पुढच्या वर्षी सोपं जाईल का?” एकदा चढून आलेली लाल पेशी काही काळ ते लक्षात ठेवते. बोलिव्हियातल्या चाकाल्ताया डोंगरावर, ५,२६० मीटरवर, लोकांना पुन्हा नेऊन हे तपासलं गेलं, निष्कर्ष २०१७ साली छापून आले. पहिल्या खेपेत पेशीच्या भिंतीतलं, जुळवून घेण्याच्या आड येणारं एक प्रथिन मोडतं, आणि केंद्रक नसल्यामुळे पेशीला ते परत बनवता येत नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला तीच पेशी लवकर जुळवून घेते. पण पेशीचं आयुष्य चार महिन्यांचं. पुढच्या वर्षीही काकांना लेहमधले दोन दिवस सोडता येणार नाहीत.