मिल लॅक्सवर पोरंबाळं घेऊन जायचं, तर बोट कशी निवडाल

बोट घ्यायची ठरली तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांपुढे मासे होते, माझ्या डोळ्यांपुढे पोरं. मिनेसोटात राहतो, सुट्टीला मिल लॅक्स तलावावर जातो. शेवटी दोन वापरलेल्या डीप-व्ही, म्हणजे व्ही आकाराच्या खोल तळाच्या, बोटी उरल्या, दोन्ही ॲल्युमिनियमच्या, साडेसतरा फुटी. एकीचे पत्रे रिव्हेटने, म्हणजे ठोकलेल्या खिळ्यांनी जोडलेले, एकीचे वेल्ड केलेले.

इकडे रिव्हेट की वेल्ड हा वाद म्हणजे आमच्या मालवणात बांगडा की सुरमई. लुंडवाले रिव्हेटचे, क्रेस्टलायनरवाले वेल्डचे, आणि बोटींची ही दोन्ही नावं मिनेसोटातच जन्मलेली. जुना रिव्हेट झिरपला तर पुन्हा ठोकून घट्ट करता येतो. वेल्डला तडा गेला तर ॲल्युमिनियमचा हात असलेला वेल्डर शोधावा लागतो. मी यात वेळ घालवला नाही.

बोट मागून बघा. नाळ, म्हणजे पुढचं टोक, सगळ्यांचीच सुरीसारखी असते. तो व्ही मागे, जिथे मोटर टांगतात त्या ट्रान्समपर्यंत किती अंश उरतो, तो डेडराइजचा आकडा विचारा. मिल लॅक्स 200 चौरस मैलांहून मोठा, पण सगळ्यात खोल जागी 42 फूट. त्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात. कमी अंशाची बोट त्यांवर आपटते. जास्त अंशाची कापत जाते, पण थांबली की डुलते आणि मोटरही दांडगी मागते.

विकणारा सकाळच्या निवांत पाण्यावर फिरवून आणेल. तुम्ही दुपारी वाऱ्यात मागा, घरचे सगळे बसवून. धाकटीला नाळेशी बसवलं. एका बोटीत गाणी म्हणत होती, दुसरीत पाच मिनिटांत माझ्या मांडीवर. मग बोट थांबवून सगळ्यांना एका बाजूला उभं करा. मासा लागला की तसंच होणार आहे.

आतली वजनाची पाटी वाचा. त्यातल्या पौंडांत माणसं, सामान आणि बाहेरची मोटरही धरलेली असते. गाडीची ओढायची क्षमता बघताना ट्रेलर विसरू नका, पेट्रोलही. गॅलनला सहा पौंड.

जुन्या बोटीत अनवाणी चाला. आधी पाहिलेल्या एकीत माझी टाच गालिच्यासकट खाली गेली. आतलं प्लायवूड कुजलेलं. मोटर खालून धरून उचला, ट्रान्सम हलला तर घरी या. ट्रेलरवरच तळाच्या भोकाला बूच लावून आत चार बोटं पाणी सोडा आणि खालून बघा कुठे थेंब येतो. नंतर बूच काढा. इथे बूच लावून बोट रस्त्यावर नेणं बेकायदा आहे.

लाइफ जॅकेट घालून पोरांना बसवून बघा. दहा वर्षांखालच्यांना चालत्या बोटीत ते सक्तीचं, आणि जॅकेट घातलं की दोघांची सीट दीडाचीच उरते.

आम्ही जास्त अंशाची घेतली. नवरा कुरकुरतो, उभ्याने गळ टाकताना डुलते म्हणून. डुलते खरी.