प्राथमिक वर्गात टॅब आणताना शिक्षकाने करावयाची कामे

शाळेत टॅब आले की पहिला प्रश्न निघतो तो कपाटाच्या किल्लीचा. ‘फुटला तर भरपाई कोण करणार?’ या भीतीने चांगली उपकरणे कुलपातच राहतात. म्हणून टॅबची डेडस्टॉक नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद होताच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तुटफुटीबाबत ठराव करून घ्यावा आणि तो पालकांनाही वाचून दाखवावा. शिक्षकाच्या मनातील धास्ती गेल्याशिवाय मुलांचा हात मोकळा होत नाही.

त्यानंतरचे काम पूर्वतयारीचे आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड 2017 साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय मंचावरील साहित्याकडे नेतात; परंतु वर्गात तीस मुले समोर बसलेली असताना ते साहित्य पहिल्यांदा उघडून पाहू नये. आदल्या दिवशी ते स्वतः पूर्ण पाहावे, उपयोगाचा तेवढाच भाग डाउनलोड करून ठेवावा आणि टॅब चार्ज करावेत. पुण्यात देखभालीसाठी अनेकदा गुरुवारी वीज बंद ठेवली जाते, त्यामुळे गुरुवारच्या तासाची तयारी बुधवारीच संपवलेली बरी. कळफलकाची भाषा मराठी आहे ना, हेही तपासावे. तो हिंदीवर राहिला तर सुचवले जाणारे शब्द हिंदी येतात आणि नुकती लिहू लागलेली मुले गोंधळतात.

एका टॅबमागे तीन मुले असावीत, असे माझे अनुभवाअंती मत आहे. एकाने टॅब हाताळावा, दुसऱ्याने सूचना वाचाव्यात, तिसऱ्याने वहीत नोंद करावी आणि दर पाच-सात मिनिटांनी शिक्षकाने टाळी वाजवून कामे बदलावीत. तसे न केल्यास घरी मोबाइल वापरणारे मूल टॅबचा ताबा घेते व उरलेली दोघे नुसती पाहत राहतात. ज्यांच्या घरी असे उपकरण नाही, त्यांच्या हाती तो आधी द्यावा, मात्र त्याचे कारण वर्गात बोलून दाखवू नये.

मुले कामाला लागली की शिक्षकाने टेबलापाशी बसून शेरे लिहू नयेत, कारण त्याचे सर्वांत मोलाचे काम याच वेळी सुरू होते. त्याने मुलांमधून फिरावे, त्यांच्या मागे उभे राहावे आणि बोट कुठे अडते ते पाहावे. माझ्या तिसरीच्या वर्गात मुलांनी स्वतःचे वाचन ध्वनिमुद्रित करून ऐकले. एक मुलगी ‘प्रार्थना’ हा शब्द दर वेळी ‘पार्थना’ असा वाचत असे आणि मी अनेकदा सांगूनही ते सुधारत नव्हते. स्वतःचा आवाज ऐकताना ती तिथे थांबली, पुस्तकातील ‘प्रा’वर बोट ठेवले आणि कोणी न सांगता पुन्हा ध्वनिमुद्रण सुरू केले. मी त्या वेळी गप्प राहिले. तिथे बोलले असते तर तो शोध तिचा राहिला नसता. उत्तर चटकन सांगून टाकण्याचा मोह आवरणे अवघड असते, आणि टॅबच्या तासाला तर तो फारच होतो. ‘तुला काय ऐकू आले?’ एवढा एकच प्रश्न पुरतो.

अध्यापन चालू असताना टॅब मांडीवर उघडे नसावेत. ‘टॅब पालथे’ अशी एक ठरलेली सूचना पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पाडावी. डिजिटल शिक्षणाविषयी केंद्र सरकारने 2020 मध्ये काढलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीच्या ऑनलाइन अध्यापनासाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांच्या दोनपेक्षा जास्त तासिका नसाव्यात असे सुचवले होते. त्या सूचना घरून शिकण्याच्या काळातील असल्या, तरी वर्गात दुसरी-तिसरीला सलग वीस मिनिटे मला पुरेशी वाटतात. पानांच्या कडा शिकवायच्या असतील तर आधी आवारातील पिंपळाचे आणि कडुनिंबाचे पान हातात द्यावे, छायाचित्र नंतर घ्यावे.

पालकांशी बोलणे हेही शिक्षकाचेच काम आहे. मुलांची छायाचित्रे आणि आवाज कुठे साठवले जातात, ते कोण पाहू शकतो आणि वर्षअखेरीस ते पुसले जातील का, हे पालकसभेत सोप्या शब्दांत सांगून लेखी संमती घ्यावी. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलांचे ध्वनिमुद्रण टाकू नये, कौतुकाने सुद्धा नाही. ज्याचे वाचन अजून अडखळते, त्या मुलाची तिथे तुलना होते.