डिस्ट्रिब्युटरमध्ये कूलंट गेलंय? मग या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात ओंकारेश्वरहून परत येत होतो, भेरूघाटाची चढण लागली आणि आमची मारुती ८०० झटके द्यायला लागली. मागे बसलेली मावशी म्हणाली, अरे काहीतरी गोडसर वास येतोय रे. मी म्हटलं प्रसादाच्या पिशवीचा असेल. तिथेच चुकलं, तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, वास होता.

पाऊस चालू होता म्हणून मला वाटलं पाणी गेलं असेल, बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक स्पार्क प्लगला पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डब्याची, कॅप काढली, फडक्यानं पुसली, गाडी चालू झाली, सिमरोलपर्यंत ठीक आणि मग परत तेच. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मेकॅनिकनं प्लग बदलले, मग हाय व्होल्टेज तयार करणारी कॉइल बदलली, दोन दिवस बरी चालली की परत मिसिंग (मध्येच ठिणगी चुकणं) आणि एकदा तर सायलेन्सरमधून असा फटाका वाजला की लोकमान्य नगरातली अर्धी गल्ली बाहेर. शेवटी रविवारी पोर्चमध्ये मीच कॅप उघडून नीट बघितलं. आत बोट फिरवलं तर चिकट, हिरवट, गुळाच्या पाकासारखं.

तर पहिली चूक हीच, कूलंटला पाणी समजणं. पाणी वाळून जातं, कूलंट वाळत नाही. त्यात ग्लायकॉल असतं, ते उकळायलाच १९७ डिग्री लागते, इंजिनच्या उष्णतेनं पाणी उडतं आणि ग्लायकॉल नि गंजरोधक केमिकल्सचा थर मागे राहतो. त्यावर धूळ आणि हवेतला ओलावा बसला की करंटला वाट मिळते. कॅपच्या आत हजारो व्होल्ट खेळत असतात, ते प्लगकडे जायच्या ऐवजी या थरावरून शेजारच्या टर्मिनलला किंवा बॉडीला पळतात. म्हणून नुसतं पुसून किंवा हेअर ड्रायर मारून दोनच दिवस बरं वाटतं.

दुसरी चूक, आधी साफ करायचं आणि गळती नंतर शोधायची. उलटं करा. थंड गाडीत गळती दिसतच नाही बऱ्याचदा, कारण रेडिएटरच्या कॅपमुळे गरम झाल्यावर आत जवळपास एक बारचा जास्तीचा दाब तयार होतो आणि बारीक चीर तेव्हाच फवारा सोडते. गाडी गरम करा, आयडलवर ठेवा, टॉर्च घेऊन होज, क्लिपा, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा, जिथे पांढरी किंवा हिरवी खरपूड धरलीय तिथे संशय घ्या. रेडिएटरची कॅप मात्र गरम असताना उघडू नका, तोंड भाजून घ्याल. माझ्या गाडीत हीटरचा होज आधी कुणीतरी बदलताना लांबच ठेवला होता, तो डिस्ट्रिब्युटरच्या अगदी वरून जाऊन एका ब्रॅकेटला घासत होता, तिथे सुईएवढं भोक. मापाचा होज आणून मूळ वाटेनं टाकला. टेप गुंडाळून चालवायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता साफसफाई. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्लगच्या वायरी काढायच्या आधी त्यांवर नंबर लिहा आणि मोबाइलवर फोटो घ्या, ८०० ची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे, दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी परत फटाके वाजवणार आणि तुम्ही कूलंटला दोष देत बसणार. नुसती कॅप नि रोटर (कॅपखाली फिरून करंट वाटणारा तुकडा) धुवायचा असेल तर डिस्ट्रिब्युटर इंजिनवरून काढायची गरजच नाही. काढावाच लागला तर बॉडी आणि इंजिनवर खूण करा, रोटरचं तोंड कुठे होतं तीही. नाहीतर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलतं.

पेट्रोलनं धुऊ नका! आपल्याकडे सर्रास करतात. आत ठिणगी पडते आणि पेट्रोलची वाफ राहिली असेल तर कॅप फुटू शकते, शिवाय ग्लायकॉल पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. कॅप आणि रोटर कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब आणि जुना टूथब्रश यांनी धुवा, खळखळून काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पूर्ण वाळवा. पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) किंवा त्यांच्या जागी असलेल्या इलेक्ट्रॉनिक पिकअपला पाणी लावू नका, तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

वाळल्यावर कॅप उजेडात धरा. पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी, फांद्या फुटलेली रेघ दिसली तर ती जळून कोळसा झालेली वाट आहे, पॉलिश पेपरनं घासून जात नाही. कॅप नवीन घ्या, रोटरही सोबतच. मधला कार्बन ब्रश स्प्रिंगवर दबतो ना तेही बघा.

माझ्या गाडीत पॉइंट आहेत, त्यांवर पांढरट-हिरवं चढलं होतं. बारीक कानशीनं हलकं साफ केलं, एमरीनं नाही, तिचे कण मध्ये अडकतात. फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) साधारण ०.४ मिमी गॅप धरला, आणि गॅप बदलला की टायमिंग पण तपासावं लागतं हे विसरू नका. इलेक्ट्रॉनिक पिकअपवाल्यांना ही कटकट नाही.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि खाली प्लेटखालची ॲडव्हान्सची वजनं, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, राहून जातात. कूलंट तिथे उतरलं की ग्रीस धुऊन जातं, वजनं चिकटतात, मग मिसिंग गेलं तरी गाडी चढणीला दम सोडते. रोटर हातानं फिरण्याच्या दिशेला थोडा वळवून सोडा, स्प्रिंगनं झटकन परत यायला हवा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पाईप तोंडानं ओढून बघा, प्लेट हलून तशीच टिकली तर आतला पडदा (डायफ्राम) ठीक. कॅमला किंचित ग्रीस, रोटरखालच्या फेल्टवर एकच थेंब ऑइल.

आणि परत काही जाऊ नये म्हणून कॅपच्या कडेला सगळीकडून सिलिकॉन फासू नका. ठिणगीमुळे आत ओझोन तयार होतो आणि ओलावाही साठतो, त्यांना बाहेर जायला भोक असतं, ते बुजलं की आतच गंज.

भरताना कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा, बोरिंगचं पाणी तर अजिबात नको. सांडलेलं लगेच धुवा, गोड लागतं म्हणून गल्लीतली कुत्री चाटतात आणि ते विष आहे. मी नव्या होजच्या जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळून, रबर बँड लावून आठवडाभर गाडी चालवली, कोरडा निघाला तेव्हाच मावशीला परत गाडीत बसवलं.